कथेतला जेलशिपाई खरा कसा वाटेल?

गेल्या वर्षी आमच्या छोट्याशा दिवाळी अंकाकडे आलेल्या कथांपैकी तीन कथांत तुरुंगातला शिपाई होता. तिघांनाही जाड मिशा होत्या आणि तिघेही गजांवर दांडा वाजवत येत होते. एकाने तर आरोपीला खुर्चीला बांधून त्याच्याकडून कबुलीजबाब घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बेड्या ठोकून त्याला कोर्टात नेलं. या कथेचा लेखक ठाण्याचा, राहायला चरईत, म्हणजे जेलच्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी त्याचा शिपाई भिंतीआडून आला नव्हता, जुन्या हिंदी सिनेमातून आला होता.

तिन्ही कथा मी परत पाठवल्या. सोबत सूचना लिहायला बसलो आणि त्या वाढत गेल्या. आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहतात. कारागृह खात्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांच्या ओट्यावर बसून जे पदरात पडलं ते आणि वाचनातून जे हाती लागलं ते, असं मिळून हा लेख झाला आहे.

आधी भिंत ठरवा

'तुरुंग' नावाची सरसकट जागा नसते. तुमचा शिपाई ठाण्याचा की तळोज्याचा, हे पहिल्या पानाआधी ठरलं पाहिजे.

ठाणे मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला. बांधकाम पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास काढलं, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. आज त्याच्या चारही बाजूंनी शहर आहे. रिक्षांचे हॉर्न, मिरवणुकांचे ढोल, कोर्टातल्या वकिलांची लगबग, सगळं भिंतीबाहेर हाकेच्या अंतरावर. इथला शिपाई ड्युटी संपवून बाहेर पडला की पाच मिनिटांत भाजी घेत असतो. नाक्यावर त्याला लोक ओळखतात आणि सुटलेले कैदीही ओळखतात.

तळोजा मध्यवर्ती कारागृह नवं, २००८ साली सुरू झालेलं. ते खारघरच्या पलीकडे आहे आणि वारा फिरला की एमआयडीसीचा वास येतो. तिथल्या शिपायाचं एकटेपण वेगळं, बस चुकल्याची भीती वेगळी. ठाण्याच्या शिपायाला दगडी भिंतीची ओल माहीत असते, तळोज्याच्या शिपायाला तापलेल्या काँक्रीटची धग. एकाचा माणूस उचलून दुसरीकडे ठेवला आणि कथेत काहीच बदललं नाही, तर तुम्ही अजून त्याला पाहिलेलं नाही.

फाशीचा प्रसंग लिहिणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर इथेच आहे. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं, तेव्हा ऐतिहासिक कथेत तो प्रसंग ठाण्यात शोभेल. आजच्या कथेत शोभणार नाही.

याच किल्ल्यातली आणखी एक गोष्ट प्रत्येक लेखकाने खिशात ठेवावी. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे इंग्रजांच्या कैदेत होते. पहारा मुद्दाम गोऱ्या सैनिकांचा, म्हणजे फितुरी नको. एका अंमलदाराचा मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणी म्हणायचा. त्या गाण्यांतून बाहेरची तयारी आत पोचत होती आणि पहारेकऱ्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. यावरून स्वतःला विचारा: तुमच्या शिपायाच्या कानावर रोज पडतं, पण त्याला कळत नाही, असं काय आहे? आजच्या बराकीत बंगाली, भोजपुरी, मालेगावची दखनी, आफ्रिकेतल्या भाषा असं सगळं असतं. नुसत्या आवाजाच्या पट्टीवरून भांडण आहे की थट्टा हे ओळखणारा शिपाई मला तरी मिशीवाल्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

मग खातं आणि हुद्दा

निम्म्या चुका इथल्या असतात. पोलीस कोठडी वेगळी आणि न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग, वेगळी. तपास, चौकशी, कबुलीजबाब हा पोलिसांचा प्रांत. जेलशिपाई तपास करत नाही. समोरच्याने गुन्हा केला की नाही, याच्याशी कामापुरता त्याचा संबंधच नसतो. कैद्याला कोर्टात नेणारी गार्डसुद्धा पोलिसांची, जेलची नाही. ती वेळेवर आली नाही तर कैद्याची तारीख हुकते आणि त्याचा राग निघतो दारातल्या जेलशिपायावर. हा एक तयार प्रसंग आहे, घेऊन टाका. बेड्यांचंही तसंच. सरसकट बेड्या घालू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं आहे.

हुद्द्यांची उतरंड अशी: वर अधीक्षक, मग उपअधीक्षक, वरिष्ठ तुरुंगाधिकारी, तुरुंगाधिकारी श्रेणी १ आणि श्रेणी २, खाली सुभेदार, हवालदार आणि सगळ्यात खाली कारागृह शिपाई. 'जेलर' म्हणजे जेलचा मालक हा सिनेमाचा समज. जेलर म्हणजे तुरुंगाधिकारी, आणि त्याच्याही डोक्यावर माणसं असतात. तुमच्या शिपायाला रोज कुणापुढे टाचा जुळवाव्या लागतात हे ठरवल्याशिवाय तो कैद्याशी कसा बोलेल, हे तुम्हाला कळणार नाही.

कैद्यांचेही दोन मुख्य प्रकार. न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी, आणि सिद्धदोष बंदी, म्हणजे पक्के. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांतले सुमारे ७६ टक्के लोक कच्चे कैदी होते. म्हणजे शिपायासमोर बसलेल्या चारांपैकी तिघांचा निकालच लागलेला नाही. पक्का कैदी वर्षं मोजतो, त्याला माफीचे दिवस, फर्लो, पॅरोल तोंडपाठ असतात, आणि तो शिपायाशी जमवून घेतो. कच्चा उद्या जामिनावर सुटेन या आशेवर असतो. तो जमवून घेत नाही, रडतो, भांडतो, वकिलाला शिव्या घालतो. जुने शिपाई पक्क्यांची बराक मागून घेतात, ते यामुळेच.

तो इथे आला कसा

आपल्या पात्राला दत्ता म्हणू. माण तालुक्यातला, बारावी पास. पोलीस भरतीची तयारी करणारा: पहाटे उठून १६०० मीटर, मग गोळाफेक, मग लेखीची पुस्तकं. स्वप्न जिल्हा पोलिसाचं होतं. अर्ज तिथेही भरला, राज्य राखीव पोलीस दलातही भरला, कारागृहातही भरला, आणि यादीत नाव लागलं ते कारागृहात. गावात पेढे वाटले गेले. पण दोन महिन्यांनी चुलता म्हणाला, "आमची ती जमिनीची केस जरा बघ की, तू आता पोलीस हायेस." दत्ताला सांगावं लागलं, "तात्या, आमचं खातं निराळं." तेव्हापासून तात्यांच्या आवाजात किंचित फरक पडला.

खाकी तीच, पण रस्त्यावरचा मान तो नाही. पात्राची पूर्वपीठिका म्हणून एवढं पुरे. लहानपणी बापाने मारलं, म्हणून हा क्रूर झाला, असला हिशोब मांडू नका. मानसशास्त्राचा आधार द्यायचा म्हणून १९७१ चा स्टॅनफर्डचा प्रयोगही ओढून आणू नका, ज्यात खोट्या तुरुंगात काहींना पहारेकरी आणि काहींना कैदी बनवलं होतं. त्यातले पहारेकरी म्हणजे कॉलेजची पोरं होती, आणि त्यांना कडक वागायला शिकवलं गेलं होतं, हे नंतर बाहेर आलं आहे. दत्ताला कुणी प्रयोगात बसवलेलं नाही. त्याला पगार मिळतो आणि निवृत्तीपर्यंत तीस वर्षं काढायची आहेत.

दिवसाचं घड्याळ कागदावर उतरवा

स्वभाव ठरवण्याआधी दिवस ठरवा. जेलचं काम म्हणजे मारामारी नव्हे. मोजणं, उघडणं, बंद करणं, झडती आणि नोंद, हेच काम. ढोबळ वेळापत्रक असं: सकाळी सहाच्या आसपास बराकी उघडतात, पण त्याआधी मोजदाद. चहा, नाश्ता, अंघोळीच्या पाण्यावरून कटकट. दुपारचं जेवण सकाळीच उरकतं. बारा ते तीन पुन्हा बंद. तीनला उघडतात. संध्याकाळचं जेवण उजेड असतानाच वाटतात, आणि सूर्य मावळायच्या सुमाराला सगळे आत. रात्रभर कुलूप.

गिनतीवर जरा थांबूया. प्रत्येक बराकीचा आकडा, दवाखान्यात किती, कोर्टात किती, नवे किती आले, सुटले किती, सगळ्यांची बेरीज जुळली पाहिजे. एक कमी भरला तर पुन्हा मोजा. बहुतेक वेळा कुणीतरी संडासात असतो किंवा लिहिणाऱ्याचीच चूक असते. पण ती सापडेपर्यंत ड्युटी संपलेला माणूस घरी जाऊ शकत नाही. ठाण्याची अधिकृत क्षमता बातम्यांत ११०५ अशी येत राहिली आहे, आणि आत माणसं तिच्या कित्येक पट असल्याच्या बातम्याही तितक्याच नेमाने येतात. दाटीवाटीने बसलेली ही डोकी मोजायची, रोज, दिवसातून अनेकदा. सुभेदार काका आजही लग्नाच्या पंगतीत बसले की नजर रांगेवरून फिरवतात आणि ओठ हलतात. काकू म्हणतात, "झाली का बेरीज? आता जेवा."

असा एक लकबीचा धागा मिळाला की पात्र उभं राहायला लागतं. आणखी काही सांगतो. कुलूप लावून निघून कुणी जात नाही, लावल्यावर दोनदा ओढून बघतात. मुख्य दरवाजा दुहेरी असतो, बाहेरचा उघडा असेल तर आतला बंद, दोन्ही एकदम कधीच नाही. म्हणजे रोज कामावर येताना दत्ता काही क्षण दोन दारांच्या मध्ये उभा राहतो, आणि तिथे त्याचीही झडती होते. मोबाइल बाहेर जमा. घरी पोरगं तापाने फणफणलेलं असलं तरी त्याला ते ड्युटी संपल्यावर कळणार.

आणि बराकीत शिरणाऱ्या शिपायाकडे बंदूक नसते. हातात फार तर काठी आणि गळ्यात शिट्टी. तो एकटा असतो आणि समोर शेकडो.

रात्री दोन वाजताचं दृश्य

हा प्रसंग लिहून बघा, लेखनाचा सराव म्हणूनच. रात्री कुलपं लागली की चाव्या शिपायाच्या खिशात राहत नाहीत, त्या जमा होतात. अधिकारी आल्याशिवाय बराक उघडत नाही. आता हे वाचा:

"साहेब, म्हाताऱ्याच्या छातीत दुखतंय."
दत्ताने बॅटरी मारली. घामाने चमकणारं कपाळ दिसलं.
"पाणी दिलं का?"
"पाण्याचं काय करता साहेब, उघडा ना."
"कळवलंय."
"कधी कळवलं?"
दत्ताने उत्तर दिलं नाही. कळवून सात मिनिटं झाली होती. त्याने म्हाताऱ्याचं नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पुन्हा नाव विचारलं.

इथे दत्ता वाईट नाही आणि चांगलाही नाही. त्याच्याकडे चावी नाही एवढंच. दार तोडता येत नाही, गप्प बसवत नाही, म्हणून तो गाव विचारतो. शिपाई आतून हादरला, असं एकही वाक्य इथे लागत नाही. दुसऱ्यांदा विचारलेलं नाव ते काम करतं. मी या प्रसंगाचे चार मसुदे केले. पहिल्या तिन्हींत दत्ता देवाचं नाव घेत होता. ते काढलं तेव्हा कुठे जरा जमलं.

सत्ता कुठे संपते

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी न्यू जर्सीतल्या एका कडेकोट तुरुंगाचा अभ्यास करून १९५८ मध्ये मांडलेला मुद्दा आपल्या भिंतींनाही लागू पडतो. कागदावर पहारेकऱ्याची सत्ता संपूर्ण दिसते, पण शेकडो माणसं रोज दमदाटीवर हलत नाहीत. त्यांनी मनावर घेतलं नाही तर मोजदाद वेळेत होत नाही, वाटप रखडतं, आणि वरिष्ठ विचारतात, "तुझ्याच बराकीत गोंधळ का?" मग पहारेकरी हळूहळू नमतं घेतो, आणि ते तीन वाटांनी: दोस्तीतून, देवघेवीतून, आणि आपलं काम थोडं थोडं कैद्यांवर सोपवून.

लाचखोर शिपाई लिहायचा तर नोटांच्या पुडक्यापासून सुरुवात करू नका. तिसऱ्या वाटेपासून करा. दत्ताचं अक्षर वाईट आहे. बराकीतला एक पक्का कैदी, शाळामास्तर होता, यादी सुबक लिहितो. आज यादी त्याने लिहिली, उद्याही लिहिली. महिन्याने बराकीत कोण कुठे झोपणार हे मास्तर ठरवायला लागतो, आणि दत्ताला ते सोयीचं वाटतं. मग एक दिवस मास्तर म्हणतो, "साहेब, माझ्या पोरीची बारावी आहे. नुसतं फोन करून विचारा, पेपर कसा गेला." दत्ताने बाहेर जाऊन फोन केला. एवढंच. पण १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ९ कैद्याशी पैशाचा किंवा कसलाही व्यवहार करायला मनाई करतं, आणि हा व्यवहार होता की माणुसकी, हे ठरवणारा माणूस दत्ता नसतो. पुढच्या वेळी विनंती मास्तरची नसेल, मास्तरला ओळखणाऱ्या कुणाची तरी असेल. तंबाखूची पुडी, मग सिमकार्ड. एवढी उतरण लिहायला तुम्हाला दहा पानं लागतील आणि ती लागू द्या.

क्रौर्य लिहायचं असेल तर तेही खऱ्याच्या जवळ राहून लिहा. दिल्लीच्या तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला आहे. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल आला. छळामागचं कारण काय होतं? भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळणं. राक्षसी विकृती नाही, वसुली. क्रूर पात्राला हिशोब द्या. गडगडाटी हास्य नको.

जात टाळू नका

मराठी कथांतले जेलशिपाई आडनावाशिवाय वावरतात, हे मला फार खटकतं. आत कुणाला झाडू द्यायचा आणि कुणाला स्वयंपाकघरात पाठवायचं, हे वर्षानुवर्षं जातीवरून ठरत आलं. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तसं लिहिलेलंही होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असं कामवाटप घटनाबाह्य ठरवलं. तुमची कथा त्या तारखेच्या आधीची की नंतरची? दत्ता कुठल्या समाजाचा, आणि कामं वाटताना त्याचं बोट आपोआप कुणाकडे जातं? कदाचित तो स्वतःच त्या समाजातला असेल ज्याच्या हातात आजवर झाडू दिला गेला, आणि आज खाकीत उभा राहून झाडू कुणाला द्यायचा ते त्याने ठरवायचं आहे. मला अजून कुणी ही कथा लिहून दिलेली नाही. दिलीत तर छापीन.

बाईशिपाई

महिला विभागात पुरुष कर्मचारी एकटा जाऊ शकत नाही, तिथलं राज्य बाईशिपाईचं. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. मोजणीच्या वेळी बायकांबरोबर ओळीत बसणारं आणि आपला आकडा स्वतः ओरडणारं तीन वर्षांचं पोर लिहा. बाईशिपाईचं स्वतःचं पोर त्याच वयाचं, ठाण्याजवळच्या दिवा गावी सासूपाशी. लेखकांचा मोह असा की तिला लगेच त्या पोरासाठी खाऊ आणायला लावायचं. आणू दे, पण दारातल्या झडतीत तो खाऊ सापडू दे, आणि झडती घेणारी तिची मैत्रीण असू दे.

बोली

कैदी शिपायाला 'साहेब' म्हणतो, वय झालेला पक्का कैदी पोरसवदा शिपायालासुद्धा. शिपाई कैद्याला नावाने किंवा 'ए' म्हणून हाक मारतो, म्हाताऱ्याला 'बाबा' म्हणतो. आपापसात हवालदार, सुभेदार हेच हाकेचे शब्द. 'तू'वरून 'तुम्ही'वर कधी सरकतो, तिथे गोष्ट असते: कैदी राजकारणातला निघाला, वकील निघाला, किंवा नुसता आपल्या गावाकडचा निघाला. 'बंदी' आणि 'कैदी' यांत सरकारी कागद पहिला शब्द वापरतो, तोंड दुसरा. मुलाखत, तारीख, झडती, बराक, कँटीन, मनीऑर्डर हे शब्द आहेत तसे येऊ द्या, समजावून सांगू नका. आणि कृपा करून "तोही या भिंतीआडचा एक कैदीच होता" हे वाक्य लिहू नका. तिन्ही कथांत होतं. दत्ता संध्याकाळी घरी जातो, कैदी जात नाही. दोघांनाही हा फरक पक्का माहीत असतो.

माहिती कशी काढाल

जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक दिवस बसा. गार्डची गाडी, नातेवाइकांची घाई, डब्यावरून चाललेल्या विनवण्या, सगळं फुकट दिसतं. मुलाखतीच्या रांगेतल्या बायकांशी बोला, पण वही काढून नको. जेलच्या परिसरात फोटो काढायच्या फंदात पडू नका. निवृत्त माणूस भेटला तर "किती जणांना मारलंत?" असं विचारू नका, तो तुम्हाला ऐकायला आवडेल तेच सांगेल. डब्यात काय न्यायचात, रजा कशी नामंजूर व्हायची, दिवाळीत ड्युटी कुणाची लागायची, सुटलेला कैदी तलावपाळीवर भेटला तर पहिल्यांदा कोण हसायचं, हे विचारा. मिळालेल्या खऱ्या माणसाचं नाव, गाव, बराक बदलून टाका.

मसुदा झाला की त्या खात्यातल्या कुणाला तरी वाचायला द्या. मी दत्ताची कथा सुभेदार काकांकडे दिली. दोन दिवसांनी वही परत आली. कुलूप एकदाच ओढलं होतं, तिथे पेन्सिलीने 'दोनदा' लिहिलेलं. रात्रीच्या प्रसंगाला काही खूण नव्हती. शेवटच्या पानावर मात्र खाली एक ओळ होती: 'कथेत एकोणीस दिवस झाले. याला साप्ताहिक सुट्टी कधी दिलीत?'